ताटीबाहेरचा माणूस

सोमवार, १८ मे १९३६, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. गिरणीचा भोंगा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि चन्नवीर ताटीवर अकरावा डबा रिकामा करत होता. डबा रॉकेलचा, अर्धा कापून तारेची मूठ लावलेला. पाणी खालून वर भिरकावायचे. ते ताटीच्या वरच्या कांबीला लागून पसरले पाहिजे आणि मग वाळ्याच्या मुळांतून हळूहळू खाली झिरपत आले पाहिजे. वरून ओतले तर पाणी एकाच जागी धार धरते, बाकीचा वाळा कोरडा राहतो आणि आतल्या माणसाला अर्धी खोली गार, अर्धी गरम लागते. हे चन्नवीरला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या उन्हाळ्यात आतून तक्रार आली, तीवरून तो शिकला.

रेल्वे लाइन्समधला हा बंगला वेणीमाधवराव वकिलांचा. पश्चिमेच्या खोलीला ओसरी नाही. दार उघडले की सरळ अंगण, अंगणाच्या टोकाला एक कडुनिंब आणि पुढे उघडा माळ. मार्च ते जून दुपारभर त्या माळावरून झळा येतात. म्हणून दारात सात फूट उंच, पाच फूट रुंद अशी वाळ्याची ताटी टांगलेली असते. बांबूच्या कांब्यांची चौकट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी बांबूची जाळी आणि जाळीच्या मध्ये दाबून बसवलेली वाळ्याची मुळे. माळावरचा वारा ओल्या ताटीतून शिरला की गार होतो आणि वाळ्याचा वास घेऊन खोलीत येतो. ही व्यवस्था चालू राहायला एक माणूस लागतो. तो बाहेर उन्हात उभा असतो.

चन्नवीरचा हा अकरावा उन्हाळा होता. या अकरा उन्हाळ्यांत तो त्या खोलीत एकदाही गेला नव्हता. जायचे कारण नव्हते आणि कोणी बोलावलेही नव्हते. ताटीतून आतले दिसत नाही. ऐकू मात्र सगळे येते. खाटेची करकर, तांब्यावर फुलपात्र ठेवल्याचा आवाज, खोकला, कूस बदलणे. त्यावरून त्याने खोलीचा अंदाज बांधला होता. खाट डावीकडे, तांब्या तिच्या उशाशी, टेबल समोरच्या भिंतीला. खोली मोठी असावी, कारण आतला आवाज लांबून येई.

तो मूळचा मंद्रूपचा. दुष्काळात आईबापांबरोबर सोलापुरात आला आणि पंधराव्या वर्षी गिरणीत लागला. तिथेही त्याचे काम पाण्याचेच. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून मागांच्या खात्यात जमिनीवर सतत पाणी मारावे लागे. तीस वर्षे त्याने ते मारले. पुढे गुडघे दुखू लागले, ओल्या फरशीवर एकदा पाय घसरला आणि गिरणी सुटली. बायको सिद्धम्मा त्याआधीच इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली होती. मुलगी विजापूरकडच्या इंडी गावी दिलेली. ती दोन वर्षांतून एकदा येते. जून ते फेब्रुवारी चन्नवीर एका भुसार दुकानात बसून पोती शिवतो. उन्हाळ्याचे साडेतीन महिने वकिलांच्या अंगणात. राहायला बाळीवेशीत एक खोली आहे. त्या भागात कानडी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, पण ती आपापल्या घरच्यांशी बोलतात.

वकिलांच्या घरी कानडी एकालाच येत असे. रुक्मिणीबाई, म्हणजे वकिलांच्या पत्नी, विजापूरच्या. त्यांना उष्णतेचा त्रास होता आणि ताटी मुळात त्यांच्यासाठीच आली. मे महिन्यात दिवाणी कोर्टे बंद असत. वकील सुट्टीला मुलाकडे पुण्याला जात. बाईंना गाडीचा प्रवास झेपत नसे. त्या इथेच राहत. दुपारभर त्या आत खाटेवर, चन्नवीर बाहेर, मध्ये ताटी.

दुसऱ्या उन्हाळ्यात केव्हातरी त्याने गुडघ्याला चमक येऊन कानडीत स्वतःशीच काही पुटपुटले आणि आतून कानडीतच उत्तर आले. तेव्हापासून तो त्यांना अक्का म्हणू लागला. बोलणे फार नव्हते. बारा वाजता त्या विचारत, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झाले का. तो हो म्हणे. खोली पुरेशी गार झाली की त्या म्हणत, "साकु." पुरे. मग तो कडुनिंबाखाली जाऊन बसे आणि अर्ध्या तासाने पुन्हा उठे. आठवड्यातून एखाद्या वेळी मुलीची चौकशी होई. एका दुपारी त्यांनी विजापूरच्या घरातल्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते सांगितले. त्रेचाळीस. हा आकडा चन्नवीरला अजून पाठ आहे.

आणखी एक शब्द होता. त्यावर ताटीचा जीव अवलंबून असे.

ताटीला उन्हाचे भय नाही, ते वळवाचे. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या दुपारी माळावर अंधारून येते आणि अर्ध्या घटकेत धुळीची भिंत, तिच्यामागे वारा, गारा आणि पाऊस येऊन आदळतात. दारात टांगलेली ताटी म्हणजे शीडच. वारा भरला तर ती आकड्यांसकट निघते, नाहीतर जाळी फाटून वाळा अंगणभर होतो. ओल्या वाळ्यावर धूळ बसली की तिचा चिखल होतो, तो मुळांत वाळतो आणि पुढे वारा शिरतच नाही. तेव्हा ढग दिसताच पाणी थांबवायचे, म्हणजे ताटी हलकी होते, आणि तिला उतरवून पूर्वेच्या ओसरीत न्यायचे. तिथे चन्नवीरने शिवलेली गोणपाटाची एक मोठी खोळ होती. तिच्यात घालून ताटी भिंतीला आडवी टेकवायची. गोणपाटातून हवा खेळते, वाळा कुजत नाही.

उतरवण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. ताटी बाहेरून वरच्या दोन लोखंडी आकड्यांवर टांगलेली, पण वाऱ्याने आपटू नये म्हणून आतल्या बाजूने तिला चौकटीशी धरणाऱ्या दोन लाकडी खिट्ट्या होत्या. त्या आतल्या माणसाने काढायच्या. मग बाहेरच्याने ताटीखाली पाठ घालून ती आकड्यांवरून उचलायची. खिट्ट्या निघाल्या नाहीत तर बाहेरचा माणूस कितीही ताकदीचा असो, ताटी हलत नाही.

ढग दिसला की चन्नवीर ओरडे, "मोड!" कानडीत मोड म्हणजे ढग. "मोड बंतु" म्हणजे ढग आला. आतून अक्का म्हणत, "बंदे," आले, आणि खिट्ट्यांचे दोन ठोके ऐकू येत. नऊ उन्हाळे हे असेच चालले. वळवात ताटी एकदाही गेली नाही.

रुक्मिणीबाई गेल्या कार्तिकात वारल्या. वकिलांनी वकिली बंद केली. मार्चमध्ये त्यांनी ताटी टांगायला सांगितली, आतल्या खिट्ट्या स्वयंपाकाच्या बाईंनी लावल्या, आणि दुपारी वकील स्वतः त्या खाटेवर पडू लागले. ते कमी बोलत. गार झाले की आतून "पुरे" एवढेच येई. चन्नवीरची जेवणाची चौकशी स्वयंपाकाच्या यशोदाबाई करत, तीही टोमण्यात. "जेवलास का रे, की पाणीच पितोस डब्यातलं?"

एप्रिलमध्ये बंगल्यात वीज आली आणि पाठोपाठ पुण्याहून नारायणने, म्हणजे मुलाने, टेबलावरचा विजेचा पंखा पाठवला. तो कपाटाएवढ्या खोक्यातून आला. यशोदाबाईंनी खोके उघडताना बाहेर येऊन सांगितले, "चन्नवीर, तुझी सवत आली बघ. हिला पाणी लागत नाही, भाकरी लागत नाही, आणि गुडघे दुखत नाहीत." चन्नवीर हसला. त्या संध्याकाळी पंखा लावून पाहिला गेला. त्याची घरघर त्याला कडुनिंबाखाली ऐकू आली. थोड्या वेळाने ती थांबली. पंखा गरम हवाच अंगावर टाकतो, असे वकील यशोदाबाईंना म्हणाले. तो टेबलावर झाकून ठेवला गेला.

पण दुसऱ्या दिवशी वकील ताटीपाशी आले आणि आतून म्हणाले, "ऐक. नारायणला मी लिहिलं आहे. ही ताटी वळवात गेली, तर नवी बांधायची नाही. मग पंखा. आहे तोवर राहू दे."

"व्हय साहेब," चन्नवीर म्हणाला.

ताटी गेली असती तरी तो उपाशी राहिला नसता. भुसारवाला जूनऐवजी मेमध्ये कामावर घेतो म्हणाला होता. पण पोती शिवताना दिवसभर त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. तिथे सगळे "ए पोतेवाले" म्हणत. चन्नवीर असे त्याचे पूर्ण नाव सबंध सोलापुरात दोनच माणसे घेत होती, आणि ती दोन्ही या बंगल्यात होती. यंदा अजून एकही वळीव आला नव्हता, आणि एप्रिलपासून तो दर पाच मिनिटांनी माळाकडे बघत असे.

त्या सोमवारी सकाळपासून हवा जड होती. सोमवार म्हणून तो पहाटे सिद्धेश्वराला जाऊन आला होता. देवळाभोवतीच्या तळ्यावरही वारा नव्हता. सोमवारी तो संध्याकाळी एकदाच जेवतो, त्यामुळे यशोदाबाईंचा टोमणा त्या दिवशी वाया गेला. बाराच्या सुमाराला नेहमीसारख्या झळा सुरू झाल्या. दोनपर्यंत त्याने सव्वीस डबे मारले. अडीचला वारा एकाएकी पडला.

वारा पडणे ही पहिली खूण. वारा नसेल तर ओली ताटी काही कामाची नाही. खोलीत नुसता दमटपणा साठतो. दुसरी खूण कावळ्यांची: कडुनिंबावरचे कावळे उठून रेल्वेच्या गोदामाकडे गेले. चन्नवीरने डबा खाली ठेवला.

"पाणी का थांबवलंस?" आतून आवाज आला.

"वारं पडलंय साहेब. आभाळ भरतंय वाटतं. ताटी हलकी होऊ द्यावी."

"आभाळ कुठे भरलंय? इथे जीव जातोय उकाड्याने. मार."

त्याने माळाकडे पाहिले. क्षितिजावर काही नव्हते, फक्त नैर्ऋत्येला आकाशाचा रंग मळकट तांबूस झाला होता. सांगायला एवढे पुरे नव्हते. अक्कांना एवढे पुरले असते. त्याने आणखी आठ डबे मारले. ताटी आता चिंब होती, कोरडीच्या दुप्पट वजनाची.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी माळाच्या टोकाला धूळ उभी राहिली. रेल्वेच्या खांबांपैकी सर्वांत लांबचे दोन दिसेनासे झाले, मग तिसरा. तिच्यावरती काळे काही होते आणि त्याच्या खालच्या कडेला पांढरी झालर, म्हणजे गारा. चन्नवीर डबा टाकून ताटीकडे धावला. धावताना तो ओरडला. काय ओरडला ते त्याने ठरवले नव्हते. वळीव दिसल्यावर जे तोंडात येई तेच आले.

"मोड!"

आतून काही आले नाही. त्याने पाठ ताटीखाली घातली, दोन्ही हात मागे नेऊन खालची कांब धरली. "मोड!" खिट्ट्या निघेनात. धुळीचा पहिला लोट अंगणात आला आणि ताटी फुगून त्याच्या पाठीवर दाबली गेली. वरचा एक आकडा करकर वाजू लागला. "मोड!" तो तिसऱ्यांदा ओरडला.

आत पावले वाजली. खाट सरकली, काहीतरी लोखंडी ओढल्याचा आवाज झाला. चन्नवीर खिट्ट्यांच्या ठोक्यांची वाट पाहत होता. त्याऐवजी कडकन एक आवाज आला, मग दुसरा. ताटीची कांब त्याच्या हातात सैल झाली. तिसऱ्या आवाजाला डावा उभा बांबू मधोमध तुटला आणि चिंब ओला वाळा त्याच्या पाठीवर दुमडून आला.

आता उचलून ओसरीला नेणे शक्य नव्हते; दुमडलेली ताटी कोणाच्याही पाठीवर राहत नाही. गारा सुरू झाल्या होत्या. दारात मात्र मोडलेल्या बाजूने हातभर फट पडली होती. चन्नवीरने तुटलेली बाजू त्या फटीतून आत लोटली, आतून कोणीतरी ओढली, एक खिट्टी आपोआप निखळली, आणि ताटी, वाळा आणि चन्नवीर तिघेही एकदम खोलीत आले. वकिलांनी दाराची फळी लावली. अंधार झाला.

डोळे सरावल्यावर त्याला खोली दिसली. ती त्याने मनात धरली होती त्याच्या निम्मीच होती. खाट डावीकडे होती. तांब्या उशाशी होता. टेबल समोरच्या भिंतीला नव्हते, खिडकीखाली होते, आणि त्यावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पंखा. वकील खोलीच्या मध्यावर उभे होते, अंगात गंजीफ्रॉक, हातात मच्छरदाणीचा लोखंडी गज. सहासष्ट वर्षांच्या माणसाला तो गज पेलत नव्हता. त्यांनी तो खाटेवर टाकला.

"मोडली," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आता पुढे काय करायचं?"

चन्नवीर फरशीवर बसलेलाच होता. "मोडली का पण साहेब?"

"का म्हणजे? तू ओरडलास. एकदा नाही, तीनदा. मोड, मोड, मोड. मला वाटलं अडकली आहे, मोडल्याशिवाय सुटणार नाही."

कौलांवर गारा पडत होत्या. त्या आवाजात चन्नवीरला समजायला थोडा वेळ लागला. मग समजले, आणि सांगावे की नाही असे झाले. न सांगता सुटका नव्हती.

"मोड म्हंजे ढग की साहेब. कानडीत. मोड बंतु, ढग आला."

"मला कानडी येत नाही. तुला हे माहीत आहे."

"हाय की माहीत."

"मग मला कानडीत का सांगतोस?"

"तुमास्नी न्हाय सांगितलं."

वकिलांनी कोर्टात चाळीस वर्षे साक्षी तपासल्या होत्या. पुढचा प्रश्न कोणता हे त्यांना ठाऊक होते. तो त्यांनी विचारला नाही. त्यांनी दाराच्या चौकटीकडे पाहिले. उजवी खिट्टी अजून जागच्या जागी होती. ती गुळगुळीत होती आणि तिच्या डोक्याला हाताच्या वापराने काळसर चकाकी आली होती.

"ही काढायची असते?" त्यांनी विचारले.

"व्हय. ह्या दोन काढल्या की ताटी निघते. मोडाय लागत न्हाय."

"ती काढायची."

"अक्का काढायच्या. व्हय."

वकील खाटेवर बसले. गारा थांबल्या आणि नुसता पाऊस राहिला. मग ते म्हणाले, "तू ओरडल्यावर ती काय म्हणायची?"

"बंदे म्हणायच्या. आले म्हणून."

चन्नवीर फरशीवर सुटलेला वाळा हाताने गोळा करू लागला. बाकीचा वाळा जाळीतच होता; जाळी फाटली नव्हती, चिखल झाला नव्हता. त्याने बोटांनी चाचपून तुटलेल्या कांब्या मोजल्या. उभी एक, आडव्या तीन.

यशोदाबाई कंदील घेऊन आल्या. वीज गेली होती. वाऱ्याने कुठे तरी तार पडली असणार. दारात त्या थबकल्या, कारण चन्नवीरला त्यांनी या खोलीत कधी पाहिले नव्हते. फरशीवर पाणी, पाला, गारांचे तुकडे आणि वाळा होता. त्या एवढेच म्हणाल्या, "सवत निजली बघ तुझी. तारच तुटली." मग वकिलांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कंदील टेबलावर ठेवला आणि त्या फडके आणायला गेल्या.

चन्नवीरला एप्रिलमधली अट आठवत होती. ती वकिलांनाही आठवत असणार. त्याने स्वतः होऊन विषय काढला, कारण वाट पाहत बसणे त्याला जमले नाही.

"तुमी म्हणला हुता, वळवात ताटी गेली तर..."

"काय म्हणालो होतो ते मला माहीत आहे," वकील म्हणाले. "वळवानं मोडली का ही?"

"न्हाय साहेब."

"कुणी मोडली?"

चन्नवीर घुटमळला. "तुमी."

"मग अट लागू होत नाही." हे त्यांनी खिडकीकडे पाहत सांगितले, हसले नाहीत. "वाळा कसा आहे?"

"वाळा शाबूत हाय. कांब्या चार गेल्या. दोन बांबू लागतील, सरळ, पेर लांब असलेले. मी बांधतो. बुरुडाचं काम न्हाय."

"कधी मिळतील?"

"उद्या मंगळवार हाय की, बाजार भरतोय."

"बरं." वकील उठले आणि त्यांनी दाराची फळी उघडली. बाहेर अंगण पांढरे झाले होते आणि थंड वारा सरळ आत येत होता, ताटीशिवाय. त्यांनी तो दोन-तीन मिनिटे अंगावर घेतला. मग पाठ न वळवता म्हणाले, "आणि हे बघ. पुढच्या वेळी ढग म्हण. मोड म्हणू नकोस. मला खिट्ट्या काढायच्या आहेत हे आता कळलं आहे, पण मोड ऐकलं की हात गजाकडे जाईल."

"व्हय साहेब. ढग म्हणतो."

पाच वाजेपर्यंत त्याने वाळ्याची घडी उलगडून पूर्वेच्या ओसरीत गोणपाटावर पसरली. एका अंगाने वाळली की उलटायची, नाहीतर आत बुरशी धरते. तुटलेल्या कांब्या काढून त्याने बाजूला ठेवल्या. नव्या त्याच मापाने कापायच्या होत्या. आकडा वाकला होता, तो दगडाने ठोकून सरळ केला. उजवी खिट्टी काढून डाव्या खिट्टीबरोबर खिडकीच्या कोनाड्यात ठेवली. यशोदाबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारले की आतली खोली कशी वाटली.

"लहान हाय," तो म्हणाला.

"मग काय राजवाडा असेल असं वाटलं होतं तुला?"

त्याने सगळे खरे सांगितले नाही. व्हय, थोडी मोठी वाटली होती, एवढेच म्हणाला.

बाळीवेशीकडे जाताना हवा गार होती. माणसे ओट्यांवर येऊन बसली होती. आज कोणाला पंखा नको होता, ताटीही नको होती. कोणी कानडीत, कोणी तेलुगूत, कोणी मराठीत वळवाबद्दलच बोलत होते. गारा केवढ्या होत्या ते हाताने दाखवत होते. चन्नवीर मध्ये थांबला नाही. नव्या शब्दाची सवय करायला हवी होती, म्हणून तो वाटेत दोनदा हळू आवाजात म्हणाला, "ढग." हा शब्द हाक मारायच्या कामाचा नाही असे त्याच्या लक्षात आले. मोडमधला ओ ओढता येतो, अंगणाच्या टोकापासून दारापर्यंत पुरेल इतका. ढग तोंडातून निघताच संपतो. ताटी ओली असेल, वारा असेल, तर तो आत पोचेल की नाही याची खात्री नव्हती. दाराजवळ जाऊन म्हणावा लागेल. म्हणजे ढग आणखी लवकर दिसायला हवा.

खोलीवर आल्यावर त्याने गळ्यातल्या लिंगाची पूजा केली, विभूती लावली आणि भाकरी थापली. त्याचे दिवसाचे हे पहिले जेवण होते. खाताना त्याने स्वतःशी कानडीत काही म्हटले. उत्तराची वाट पाहण्याची त्याला इथे सवय नव्हती.

बंगल्यावर त्या संध्याकाळी वकिलांनी नारायणला पत्र लिहिले. त्यात वळीव, गारा, पडलेली विजेची तार आणि कौले किती फुटली एवढाच मजकूर होता. ताटीबद्दल एकच वाक्य होते: दुरुस्ती चालू आहे.

उद्या मंगळवार, १९ मे. बाजारात बुरूड सकाळी सातला बसतात आणि सरळ बांबू आठच्या आत संपतात. ताटीवर मारायचे पाणी वकिलांच्या हौदात भरावे लागते आणि नळाला ते साडेआठपर्यंतच असते, म्हणजे चन्नवीरला सातलाच बाजारात हवे.